‘पेस्टल’ म्हणजे तैलखडू नव्हे

प्रश्न असा: व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कारिएरा हिच्यावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘पेस्टल’साठी ‘तैलखडू’ लिहिले, तर चालेल का?

नाही चालणार. तैलखडू, म्हणजे ‘ऑइल पेस्टल’, निघाले १९२०च्या दशकात, जपानमध्ये. रोझाल्बा वारली १७५७ साली. तिच्या खडूंत, म्हणजे पेस्टलमध्ये, तेल मुळीच नव्हते. तिने रंगवलेल्या चेहऱ्यांवर जी मखमली कांती दिसते, ती कागदावर तशीच बसलेल्या कोरड्या पुडीची. वर ना तेल, ना व्हार्निश. त्यामुळे ही चित्रे तैलचित्रांसारखी पिवळीही पडत नाहीत.

शब्द मूळचा इटालियन, ‘पास्तेल्लो’. ‘पास्ता’ म्हणजे मळलेला गोळा, यावरून आलेला. खडू करण्याची रीतच नावात आहे. रंगाची पूड बारीक घोटायची, हवी तितकी फिकी करायला खडूची भुकटी किंवा पांढरी माती घालायची, ट्रॅगकंथ नावाच्या डिंकाच्या अगदी पातळ पाण्यात मळायची आणि तळहाताखाली वळून सावलीत वाळवायची. सगळी मेख डिंकात आहे. जास्त झाला तर खडू कडक होतो, कागद ओरखडतो पण रंग सोडत नाही. कमी पडला तर बोटातच चुरा. शिवाय प्रत्येक रंगाची भूक वेगळी: प्रशियन निळा मुळातच कडक, तर पांढऱ्याला डिंक नावापुरता पुरतो. तैलरंगांसारखे पॅलेटवर मिश्रण करता येत नाही, म्हणून एकाच रंगाच्या फिक्या-गडद कितीतरी कांड्या हाताशी लागतात.

आता दुसरा सापळा. त्या काळच्या इंग्रजीत याच खडूंना ‘क्रेयॉन’ म्हणत. इंग्रज चित्रकार जॉन रसेलचे १७७२चे पुस्तक ‘क्रेयॉन’ने रंगवण्यावर आहे, ते पेस्टलबद्दलच. तिथे ‘मेणखडू’ लिहिले, तर चित्रकाराच्या हाती शाळकरी मुलाची पेटी दिल्यासारखे होईल.

माझी पसंती ‘कोरडे रंगखडू’ या शब्दाला. पहिल्या उल्लेखात ‘पेस्टल, म्हणजे कोरडे रंगखडू’ असे लिहावे, पुढे नुसते ‘पेस्टल’ पुरे. मात्र ‘पेस्टल रंगांतले चित्र’ टाळा. साडीच्या दुकानात ‘पेस्टल शेड’ म्हणजे फिका गुलाबी, फिका पिस्ता. वाचकाच्या डोळ्यांपुढे तेच येईल. या चित्रांत गडद निळा आणि काळाही भरपूर असतो.

क्रियापदही जपून निवडावे. खडू म्हटला की ‘रेखाटले’ असे आपण सहज लिहून जातो. फ्रान्समध्ये याला पेस्टलची ‘रंगचित्रकला’च म्हणत, आणि कामही तसेच चाले: निळसर कागद कापडावर चिकटवून चौकटीवर ताणायचा, रंगाचे थर द्यायचे, बोटाने एकमेकांत मिसळायचे. फ्रेंच चित्रकार मोरीस कांतँ द ला तूरने १७५५ साली प्रदर्शनात मांडलेले, पंधराव्या लुई राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचे पेस्टल सुमारे पावणेदोन मीटर उंच आहे, कागदाचे अनेक ताव जोडून केलेले. त्याला रेखाटन कोण म्हणेल?

‘पक्के केले’ हेही विचारूनच लिहा. पूड झडू नये म्हणून चिकट द्रव फवारला, तर रंग काळवंडतात आणि ती मखमल जाते. म्हणून बहुतेक पेस्टले नुसती काचेखाली ठेवत, पुडीला काच टेकणार नाही इतके अंतर राखून. तेव्हा वाक्य असे करा: ‘रोझाल्बाने हे व्यक्तिचित्र पेस्टलमध्ये, म्हणजे कोरड्या रंगखडूंनी, रंगवले.’