डीटीएच सेवा एचडी झाल्यावर जुना सेट-टॉप बॉक्स बदलावाच लागतो का?

बहुतेक वेळा बदलावा लागतो. डिश मात्र, ती त्याच उपग्रहाकडे रोखलेली असेल तर, सहसा तीच चालते.

साध्या प्रक्षेपणात चित्र 720 × 576 बिंदूंचे असते, तर पूर्ण एचडीत ते 1920 × 1080, म्हणजे सुमारे पाचपट बिंदूंचे होते. उपग्रहावरील ट्रान्सपॉन्डरची (संकेत घेऊन पुन्हा पृथ्वीकडे पाठवणाऱ्या यंत्राची) क्षमता मर्यादित असल्याने एवढी माहिती एमपीईजी-2 या जुन्या संक्षेपण (माहिती दाबून लहान करण्याच्या) पद्धतीने पाठवणे परवडत नाही, म्हणून कंपन्या एमपीईजी-4 हे अधिक कार्यक्षम संक्षेपण आणि डीव्हीबी-एस2 ही प्रक्षेपणपद्धती वापरतात, आणि केवळ जुन्या पद्धतींसाठी बनवलेल्या बॉक्सला हे संकेत उलगडताच येत नाहीत. ही उणीव सॉफ्टवेअर अद्ययावत करून भरून निघत नाही, कारण उलगडण्याचे काम बॉक्समधील चिप करते. फोर-के वाहिन्यांसाठी तर बहुधा एचईव्हीसी हे त्याहून कार्यक्षम संक्षेपण समजणारा आणखी नवा बॉक्स लागतो.

नवा बॉक्स टीव्हीला एचडीएमआय केबलनेच जोडावा. तीन रंगांच्या पिनांची जुनी केबल तशीच ठेवली, तर एचडीचे पैसे भरूनही चित्र साधेच दिसते, आणि दोष विनाकारण कंपनीला दिला जातो.