जुनी मराठी शाळा की नवी एसी वर्गांची शाळा? नागपुरात मुलीसाठी काय बघावं

तुमची पुण्याहून नागपूरला बदली झाली आहे, मुलगी तिसरीत जाणार आहे, आणि महालातली जुनी मराठी शाळा की वर्धा रोडवरची नवी, यांपैकी कुठे तिचं मन रमेल असं तुम्ही विचारलंय. मी इथेच प्राथमिक वर्गांना शिकवते, म्हणून सांगते.

शाळेत मूल कशाला घाबरतं, ते आधी बघा.

जुन्या पद्धतीत भीती उघड असते: पट्टी, उठाबशा, वर्गाबाहेर उभं करणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरी 'मारल्याशिवाय पोट्टे सुधरत नाहीत' म्हणणारे अजून भेटतात, आणि ते ऐकून मला दर वेळी तितकाच राग येतो.

नव्या शाळेत छडी नसते, पण चाचणीचे गुण मूल घरी पोचायच्या आत आईच्या मोबाईलवर येतात. दारातच चौकशी सुरू. शाळेतलं अपयश शाळेत ठेवून खेळायला पळावं, एवढीही सोय पोराला उरत नाही. मला ही भीती जास्त घातक वाटते, कारण ती घरातही पाठ सोडत नाही. त्यात दूरच्या शाळेचा व्हॅनमधला प्रवास, तोही आपल्या उन्हाळ्यात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, ते मुलांची झोप व्हावी म्हणूनच. व्हॅन घरी किती वाजता येते, हे नक्की विचारा.

रविवार सोडून एखाद्या शाळेच्या दिवशी सेवाग्रामला जाऊन या. गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताने काम करत शिकण्याची पद्धत, १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती आणि सूतकताई करत शिकतात. हिला जुनी म्हणाल की नवी?

प्रवेशाआधी मुख्याध्यापकांसोबत वर्गशिक्षिकेलाही भेटा. वर्गात किती मुलं आहेत विचारा. पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक असावा, असं कायदा सांगतो. मग विचारा, मूल वर्गात रडलं तर तुम्ही काय करता? बाईंनी एखादा खरा प्रसंग सांगितला तर इमारत कशीही असो, प्रवेश घ्या. 'आमच्याकडे मुलं रडतच नाहीत' म्हणाल्या, तर दुसरी शाळा बघा.