डोळ्यापुढे अचानक ठिपके आणि चमक दिसू लागली तर डॉक्टरांकडे कधी जावं?

वडील 62 वर्षांचे, देवगडला असतात, परवापासून उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतायत आणि काळोखात कडेला वीज चमकल्यासारखं होतं, असं तुम्ही लिहिलंय. आजच दाखवा. गणपती उरकून वगैरे नको.

नुसते जुने ठिपके असते तर एवढी घाई केली नसती. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ वयानुसार आकसतो, त्यातल्या तंतूंची सावली डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, पडते. भर उन्हात रेतीकडे किंवा आभाळाकडे बघताना ती जास्त जाणवते. पण ठिपके एकदम वाढले आणि सोबत चमक आली, तर ती जेली पडद्याला ओढत असते. त्यात पडद्याला चीर पडू शकते. चीर वेळेत सापडली तर बहुतेक वेळा लेझरवर भागतं. पडदा सुटला की ऑपरेशन. दुखत काहीच नाही, म्हणून तर माणूस थांबतो. एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर तासाभराचाही उशीर नको.

चष्म्याच्या दुकानातल्या नंबरच्या मशीनवर हे दिसत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासणारा नेत्रतज्ज्ञच हवा; तो गरज पडल्यास रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला रेटिनावाल्याकडे धाडेल. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा बाबांना स्कूटर चालवू देऊ नका.

दोन्ही डोळ्यांपुढे नागमोडी चमक येऊन अर्ध्या तासात गेली, तर बहुधा अर्धशिशी. तीही पहिल्यांदाच आली असेल तर दाखवाच.