फ्रीमाँटला काँडो घेताय? मग बाल्कनीला ग्रिल विसरा

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आल्यावर काँडो, म्हणजे आपल्या सोसायटीतल्यासारखा फ्लॅट, घेतला तर पुण्यासारखी बाल्कनी ग्रिल लावून बंद करता येईल का, आणि बाहेरून सेफ्टी डोअर, एसी वगैरे. बाल्कनीचा विषय सोडून द्या. काँडोत आपल्या मालकीचं असतं ते साधारण भिंतींच्या आतलं, बाहेरची भिंत, छप्पर सगळं कॉमन, बाल्कनी वापरायची फक्त आपण पण ती पण कॉमनमध्येच धरतात. त्यामुळे एचओएला म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनला विचारल्याशिवाय बाहेर साधा स्क्रू पण मारायचा नाही. आणि सेक्रेटरीला जिन्यात गाठून "काका, करून घेऊ का" हे इथे चालत नाही, सगळं लेखी.

बाहेरच्या बदलांना परवानगी देणारी असोसिएशनची आर्किटेक्चरल कमिटी असते, तिचा फॉर्म असतो, त्याला मापं टाकलेलं ड्रॉइंग, ब्रोशर, रंगाचा नंबर, काँट्रॅक्टरचं लायसन्स न् इन्शुरन्स जोडायचं. नुसतं "ब्राऊन दरवाजा" असं मोघम लिहिलं की फॉर्म परत. माझ्या एसीच्या वेळी त्यांनी विचारलं पाइप भिंतीवरून कसा जाणार, कव्हर कुठल्या रंगाचं, पाणी कुठे सोडणार, मग मी भिंतीचा फोटो प्रिंट करून त्यावरच पेनाने रेघ मारून दिली, त्यानंतर काही विचारलं नाही. कमिटीने नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि बोर्डाकडे फेरविचार मागता येतो, कॅलिफोर्नियाच्या कायद्यातच आहे ते. सिटीचं परमिट वेगळं हां, एक मिळालं म्हणून दुसरं सुटत नाही.

काही बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. ईव्ही चार्जरच्या अर्जावर 60 दिवसांत लेखी नकार आला नाही आणि त्यांनी जादा माहितीही मागितली नसेल तर तो मंजूर धरतात. दाराला तोरण, गणपती लावायची काळजी नको, धार्मिक वस्तू दारावर किंवा चौकटीवर लावायला 2020 पासून बंदी घालता येत नाही, फक्त एकूण माप 36 बाय 12 इंचांच्या आत ठेवा. कपडे वाळत घालायचं मात्र अवघड आहे, दोरीचा 2016 चा कायदा फक्त स्वतःच्या बॅकयार्डपुरता, बाल्कनीचा कठडा त्यात येत नाही, घरी आई येणार असतील तर आधीच सांगून ठेवा.

ऑफर फायनल करण्याआधी सीसी अँड आर म्हणजे असोसिएशनची नियमावली आणि मागच्या 12 महिन्यांच्या बोर्ड मीटिंगचे मिनिट्स विकणाऱ्याकडून मागून घ्या, आणि आधीच्या मालकाने परवानगीशिवाय काही ठोकलंय का ते पण विचारा, नाहीतर ते काढायचा खर्च तुमच्या गळ्यात येईल.