बाण पाठ होत नाहीत, म्हणून हा विषय सोडू का?

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. प्रकल्पासाठी एका प्रयोगशाळेत जागा मिळते आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशींची वाढ कोणत्या सिग्नलिंग पाथवेमुळे (पेशीत निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीमुळे) सुरू होते आणि कशामुळे थांबते, हा तिथला विषय आहे. पण पेपर उघडला की नुसते बाण आणि आद्याक्षरं दिसतात. काल वाचलेलं आज आठवत नाही. बाबा विचारतात, एकाच पेशीवर आयुष्य घालवून पुढे काय? हो म्हणू की नको?

उत्तर : आधी पाठांतराची भीती काढून टाकू. या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम करणारी माणसंही ते बाण पाठ करत नाहीत, लागतील तेव्हा पुन्हा पाहतात. तुला आवडतं की नाही हे ठरवायचं असेल, तर बाणांऐवजी एखादा प्रयोग वाच. आकृतीतल्या प्रत्येक बाणामागे कुणीतरी केलेला प्रयोग असतो.

एक उदाहरण देतो. धमनीच्या मधल्या थरातल्या या मृदू स्नायुपेशी एरवी आकुंचन-प्रसरणाचं काम करतात आणि क्वचितच विभागतात. पण हृदयाच्या स्नायुपेशींसारखी त्यांची विभागण्याची क्षमता संपलेली नसते. धमनीला इजा झाली की आकुंचनाला लागणारी प्रथिनं त्या कमी करतात, विभागू लागतात आणि आतल्या थराकडे सरकतात. हे त्यांना सांगतं कोण? १९७४ मध्ये रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या धमनीतल्या पेशी बशीत वाढवल्या. गोठलेल्या रक्तातून मिळवलेलं सीरम (गुठळी काढल्यावर उरणारा द्रव) घातलं की पेशी वाढत. रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) आधीच काढून टाकलेल्या रक्तद्रवातून केलेलं सीरम घातलं, तर जवळजवळ स्वस्थ बसत. त्याच सीरममध्ये बिंबिकांमधला अंश परत मिसळला की पुन्हा वाढ! म्हणजे निरोप बिंबिकांकडून येत होता. त्या निरोप्याला आज आपण पीडीजीएफ, म्हणजे बिंबिकांमधून मिळणारा वाढ-घटक, म्हणतो.

हे वाचताना 'मग पुढे काय झालं?' असं मनात आलं असेल, तर माझं अर्धं उत्तर तुला मिळालंच.

पुढचं थोडक्यात सांगतो. पीडीजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. दोन ग्राही जवळ येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट बसवतात. तिथून निरोपाला वाटा फुटतात. एक वाट रॅसकडून ईआरकेकडे जाते, दुसरी पीआय३ कायनेजमार्गे एमटॉरकडे; ही सगळी पेशीतल्या प्रथिनांची नावं. दोन्ही मिळून विभाजन पुढे रेटणारं सायक्लिन डी१ हे प्रथिन वाढवतात आणि पी२७ नावाचा ब्रेक ढिला करतात, की पेशी विभाजनाच्या दारात उभी राहते. उलट बाजूने धमनीचं निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून तिला आवरत असतं. आद्याक्षरं विसरलीस तरी ही ओढाताण लक्षात राहील.

आता बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. अरुंद झालेल्या धमनीत ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवल्यावर याच पेशी वाढून ती पुन्हा अरुंद व्हायची. सुरुवातीच्या साध्या स्टेंटच्या काळात १०० पैकी साधारण २० ते ३० रुग्णांत हे घडे. त्यावरचा उपाय निघाला तो ईस्टर बेटावरून १९६४ मध्ये आणलेल्या मातीतून. त्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्र नाथ सहगल आणि सहकाऱ्यांनी बुरशीरोधक म्हणून रॅपामायसिन वेगळं केलं. ते एमटॉरला अडवतं हे पुष्कळ नंतर, १९९०च्या दशकात उलगडलं. त्याचा लेप असलेला स्टेंट अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झाला आणि पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. पण तेच औषध अस्तर भरून येणंही लांबवतं, त्यामुळे गुठळीचा धोका उरतो आणि रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या अधिक काळ घ्याव्या लागतात. स्नायुपेशी थांबवायच्या आणि अस्तर वाढू द्यायचं, ही कसरत अजून पुरती साधलेली नाही. शिवाय धमनीतल्या चरबीच्या गाठीवर याच पेशी तंतूंचं आवरण घालतात आणि ती फुटू देत नाहीत. त्यामुळे त्यांची वाढ सरसकट वाईट म्हणता येत नाही. माझ्या मते या विषयाची खरी गोडी इथेच आहे.

वेळेबद्दल मात्र बाबांना खरं सांग. फुप्फुसांच्या धमन्यांमधला रक्तदाब वाढवणाऱ्या आजारात बीएमपीआर२ या, पेशींची वाढ आवरणाऱ्या मार्गातल्या ग्राहीच्या, जनुकाचा दोष २००० मध्ये सापडला. त्या मार्गाचं बिघडलेलं संतुलन सावरणारं सोटाटरसेप्ट हे औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०२४ उजाडलं. पीएचडी करायची तर कित्येक वर्षं द्यावी लागतील. पण या प्रकल्पात शिकलेलं एका पेशीपुरतं राहत नाही. हेच मार्ग कर्करोगातही बिघडलेले असतात. पेशीसंवर्धन, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखण्याची पद्धत), सूक्ष्मदर्शकाखालचं मोजमाप आणि संख्याशास्त्र येणाऱ्याला औषधनिर्मिती, वैद्यकीय उपकरणं आणि रोगनिदान या क्षेत्रांतही काम मिळतं. संख्याशास्त्राकडे विद्यार्थी हटकून दुर्लक्ष करतात. तू करू नकोस.

तुझ्या स्वभावाचा विचार मात्र तुलाच करावा लागेल. या पेशींना आधी एक-दोन दिवस सीरमविना ठेवतात. मग पीडीजीएफ देतात आणि घड्याळ लावून बसतात, कारण ईआरकेवरचं फॉस्फेट काही मिनिटांतच शिखर गाठतं, आणि पेशी डीएनएची नक्कल करू लागते ती मात्र जवळजवळ एका दिवसाने. बशीत वारंवार वाढवलेल्या पेशी आपलं मूळ रूप हरवत जातात, म्हणून महिनाभराचं काम टाकून नव्याने सुरू करावं लागतं. हे ऐकून हात आखडले, तर तसं मान्य करण्यात कमीपणा नाही. संगणकावर एकेका पेशीच्या जनुकांची माहिती तपासणारं कामही याच प्रश्नांवर चालतं. त्याबद्दलही त्या प्रयोगशाळेत विचार.

होकार देण्याआधी एक आठवडा माग. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट. न जमलेले प्रयोग मार्गदर्शकांना मोकळेपणाने सांगता येतात का आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे विचार. त्याच आठवड्यात आकृतीतला एकच बाण निवड आणि तो ज्या पेपरमध्ये प्रथम दाखवला तो शोध. प्रयोगात काय घातलं, काय वगळलं, तुलनेला काय ठेवलं आणि अजून कोणती शंका उरते, हे तुझ्या शब्दांत पानभर लिही. लिहिताना दुसरा बाण शोधावासा वाटला, तर हो म्हण. पान ओढूनताणून भरावं लागलं, तर त्यांना नम्रपणे नकार कळव आणि मला पुन्हा लिही, दुसरे मार्ग पाहू.