आकड्यांची यादी पेस्ट करून बेरीज-सरासरी काढणारी छोटी स्क्रिप्ट कशी लिहावी?

तुमचा प्रश्न असा की ईमेल, पीडीएफ, वेबपान अशा कुठूनही उचललेली आकड्यांची यादी पेस्ट केली की बेरीज, सरासरी, कधी दोन याद्यांमधला फरक लगेच मिळावा, दर वेळी स्प्रेडशीट उघडायला लागू नये. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत हे तीसेक ओळींत होतं. त्यातली बेरजेची ओळ एकच. बाकीच्या सगळ्या ओळी 'याला आकडा म्हणायचं की नाही' हे ठरवण्यात खर्ची पडतात.

अशा कामासाठी हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात ठरावीक साचा शोधायची पद्धत) लावून मजकुरातले सगळे अंक वेचून घेणं. तो करू नका. 'गट ४ : ३५०' या ओळीतले ४ आणि ३५० दोन्ही बेरजेत जातील. '१२-०५-२०२३' ही तारीख १२, उणे ५ आणि उणे २०२३ अशी वाचली जाईल. उत्तर येईल, दिसायलाही नीटनेटकं असेल, त्यामुळे संशय यायचं काही कारणच उरणार नाही.

उलट्या बाजूने जा. एक ओळ घ्या, दोन्ही कडांच्या मोकळ्या जागा काढा आणि उरलेली अख्खी ओळ आकडा म्हणून वाचता येते का ते पाहा. नाही आली तर ती फेकू नका, वेगळी ठेवा. शेवटी उत्तरासोबत छापा: '४७ ओळी, ४५ आकडे, २ वाचता आल्या नाहीत', आणि खाली त्या दोन ओळी जशाच्या तशा. माझ्या मते स्क्रिप्ट लिहायचं खरं कारण हेच. एक्सेलमध्ये एखाद्या सेलमधला आकडा मजकूर म्हणून बसलेला असेल, तर सम हे फंक्शन तो सेल गुपचूप वगळून मोकळं होतं.

वाचता न येणाऱ्या ओळी बहुतेकदा ठरावीक कारणांनी अडतात, त्यामुळे आधी थोडी सफाई करून घ्या. न तुटणारी मोकळी जागा (जिथे ओळ मोडत नाही अशी खास स्पेस) कडेला असेल तर पायथनचं स्ट्रिप, म्हणजे कडांच्या मोकळ्या जागा काढणारं फंक्शन, ती काढतं, आकड्याच्या मधोमध असेल तर तशीच राहते. शून्य रुंदीची जागा तर स्ट्रिप कुठेच काढत नाही, आणि ती डोळ्यांनाही दिसत नाही. छापील मजकुरातलं उणे चिन्ह हायफनसारखं दिसतं पण ते निराळं अक्षर असतं, ते साध्या हायफनने बदला. हिशेबाच्या कागदांत कंसातला आकडा म्हणजे उणे आकडा, हेही स्क्रिप्टला शिकवावं लागतं. देवनागरी अंकांची मात्र काळजी नको, पायथन ते स्वतःहून वाचतं. हीच स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहिली तर '१२' चं काही आकडा होत नाही, आधी अंक बदलून घ्यावे लागतात.

स्वल्पविराम हा सगळ्यांत त्रासदायक. १२,३४,५६७ आणि १,२३४,५६७ दोन्ही आकडे आहेत. '५, १०, १५' ही यादी आहे. आणि जर्मन पद्धतीत '१२,५' म्हणजे साडेबारा. मी असा नियम ठेवलाय: स्वल्पविरामानंतर मोकळी जागा असेल तर तिथे यादी तोडायची. नसेल तर शेवटचा गट तीन अंकी आणि मधले गट दोन किंवा तीन अंकी आहेत का ते बघायचं. तसे असतील तर स्वल्पविराम काढून टाकायचे, नाहीतर ओळ अडलेल्यांत. तरीही '१०,२०,३००' हे दहा लाख वीस हजार तीनशे की तीन सुटे आकडे, हे कोणतीच स्क्रिप्ट सांगू शकणार नाही. तिथे स्क्रिप्ट चालवायच्या आज्ञेसोबत एक पर्याय द्या आणि माणसाला ठरवू द्या.

आकडे फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) घेऊ नका, डेसिमल (दशांश आकडे जसेच्या तसे ठेवणारा प्रकार) वापरा. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळून ०.३०००००००००००००००४ होतात. डेसिमलला मजकूर थेट द्या. आधी फ्लोट करून मग दिलात तर चूक त्यातच मुरलेली असते. एक खोच अशी की 'नॅन' (आकडा नाही) आणि 'इन्फिनिटी' (अनंत) हे इंग्रजी शब्दसुद्धा डेसिमल आकडा म्हणून स्वीकारतं, आणि एक नॅन शिरला की सगळी बेरीज नॅन. म्हणून आकडा सांत, म्हणजे मर्यादित, आहे का हे तपासून मगच आत घ्या.

पेस्ट करताना तळाची 'एकूण' ओळही सोबत येते आणि बेरीज दुप्पट होते. शेवटचा आकडा वरच्या सगळ्यांच्या बेरजेइतका निघाला तर इशारा द्यायचा, एवढं पुरतं. स्प्रेडशीटमधून उचललेल्या यादीची बेरीज मूळ बेरजेपेक्षा किंचित वेगळी आली तर घाबरू नका: साधा मजकूर म्हणून पेस्ट केल्यावर सेलमध्ये दिसतो तो आकडा येतो, आतला पूर्ण आकडा नाही.

दोन याद्यांचा फरक काढायला झिप, म्हणजे दोन याद्यांतल्या आकड्यांच्या जोड्या लावणारं फंक्शन, वापराल. ते छोटी यादी संपली की निमूट थांबतं, उरलेले आकडे गेले कुठे हे सांगत नाही. पायथन ३.१० पासून त्याला स्ट्रिक्ट हा पर्याय आहे, याद्यांची लांबी जुळली नाही तर तो चूक दाखवतो, तो लावा. आणि बेरजेत रिकामी ओळ सोडून दिली तरी चालते, पण जोड्या लावताना रिकामी ओळ ही एक जागा असते. ती गाळली तर पुढच्या सगळ्या जोड्या एकेक घर सरकतात.

राहता राहिलं पेस्ट करणं. यादी संपली हे स्क्रिप्टला कळवायला लिनक्स आणि मॅकवर पेस्ट झाल्यावर नव्या ओळीवर कंट्रोल-डी, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर. मात्र लिनक्सचं टर्मिनल एका ओळीत सुमारे ४०९६ बाइट्सच घेतं, मॅकवर ही मर्यादा १०२४ ची. स्वल्पविरामांनी जोडलेली लांबलचक एकच ओळ असेल तर शेपूट कापलं जातं, आणि स्क्रिप्टला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा वेळी पेस्टच करू नका. मॅकवर पीबीपेस्ट, लिनक्सवर एक्सक्लिप, पॉवरशेलमध्ये गेट-क्लिपबोर्ड वापरून क्लिपबोर्डचा मजकूर पाइपने (एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणाऱ्या '|' चिन्हाने) थेट स्क्रिप्टला द्या. मी तर आता लहान यादीलाही हेच करतो, कंट्रोल-डी दाबायचंही वाचतं.