गावठी टोमॅटोचं बी घरी कसं धरायचं: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

नमस्कार मंडळी, या आठवड्यात परसबागेतल्या टोमॅटोबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले तीन घेतो.

एका ताईंनी विचारलंय की बाजारातल्या छान लालभडक टोमॅटोचं बी लावलं, झाडं जोमात आली पण एकाची फळं बारकी तर दुसऱ्याची लांबट, असं का? ताई, तो टोमॅटो हायब्रीड, म्हणजे दोन वाणांच्या संकरातला असणार, त्याच्या बियातून पुढच्या पिढीत गुण फुटून वेगवेगळे होतात, तुमची चूक काहीच नाही. गावठीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं त्यामुळे बी जसंच्या तसं येतं. म्हणून आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे विचारा, कुणाच्या तरी गोठ्यामागे चपटं, आंबट भेदरं (गावठी टोमॅटो) अजून उगवत असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी अशीच गावरान वाणं जपून बीज बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दुसरा प्रश्न, बी धरायचं कसं? इथे बहुतेक जण चुकतात, मोठं फळ दिसलं की त्याचंच बी काढतात. फळ नाही, आधी झाड बघा. ज्याची पानं चुरडली नाहीत, करपा रोग कमी आला आणि फळ चवीला चांगलं लागलं अशा चार-पाच झाडांना चिंधी बांधून ठेवा. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, मग गर बियांसकट काचेच्या ग्लासात काढून थोडं पाणी घाला आणि दोन-तीन दिवस आंबू द्या, उन्हाळ्यात दीड दिवसही पुरतो, जास्त ठेवलं तर बी तिथंच मोड काढतं. आंबवल्याने बियावरचा बुळबुळीत थर सुटतो, तोच थर उगवण रोखून धरतो. वर तरंगलेलं बी टाकून द्या, तळाचं चार पाण्यानं धुवा आणि ताटलीत सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं. कोरड्या थंड जागी ठेवलं तर चार वर्षं आरामात उगवतं.

तिसरा प्रश्न एका दादांचा, रोपं चार बोटं झाली की बुडाशी काळी पडून लोळतात. दादा ही मर आहे, म्हणजे रोप बुडातून सडायचा बुरशीचा रोग, दाट पेरणी आणि जास्त पाणी यानं होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या, पेरताना बियाला चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, पाणी सकाळी आणि वरची माती सुकल्यावरच. २५ ते ३० दिवसांनी रोप लावताना खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत दाबा, त्या खोडालाही मुळ्या फुटतात.

पेरायचं कधी म्हणाल तर माझं मत ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, कोकणात पाऊस सरल्यावर. मार्चनंतर दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं की फुलं गळतात, तेव्हा औषध मारून पैसे घालवू नका, दुपारी सावलीची जाळी बांधा. आणि फळाचं बूड काळं पडत असेल तर एक दिवस बादलीभर मग चार दिवस कोरडं असं करू नका, रोज थोडं सारखं पाणी द्या, बुडाशी पालापाचोळा पसरा.